प्रेक्षकाच्या गळ्यात पडलेला हक्क

एके काळी पुण्यातील छपरांकडे नुसते पाहिले, तरी सिंहगड कोणत्या दिशेला आहे हे परगावच्या पाहुण्यालाही सांगता आले असते. पेठांतील वाड्यांची कौले असोत की डेक्कन-एरंडवण्यातील बंगल्यांच्या गच्च्या, साऱ्या अँटेनांची तोंडे नैर्ऋत्येकडे वळलेली असत. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याचे कार्यक्रम पुढे सिंहगडावरील प्रक्षेपकावरून पुणेकरांच्या घरात उतरू लागले. वारा सुटला, अँटेनावर कावळा बसला, की पडद्यावरचे चित्र हलत असे. मग घरातील एक जण गच्चीवर, दुसरा जिन्यात आणि तिसरा संचासमोर अशी साखळी उभी राही. 'आलं का?', 'नाही, मगाशी बरं होतं', असा संवाद मजल्यामजल्यांवरून चाले. पडद्यावर मुंग्या असल्या तरी बातम्या ऐकू येत, 'गजरा' पाहता येई, 'आमची माती आमची माणसं' मधला शेतीसल्ला शेती नसलेल्या घरांतूनही भक्तिभावाने ऐकला जाई. वर्षाकाठी टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरले, की त्यापलीकडे कोणाचे देणे लागत नसे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तो परवानाही इतिहासजमा झाला.

त्या मुंग्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गतकाळाच्या आठवणी हा पुणेकरांचा आवडता विषय असला, तरी धूसर चित्रापेक्षा स्वच्छ चित्र चांगले, याविषयी कोणाचे दुमत असणार? परंतु त्या व्यवस्थेत एक गोष्ट अशी होती, जी पुढे हरवली आणि हरवल्याची नोंदही कोणी घेतली नाही. प्रक्षेपक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये केवळ आकाश होते. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात दिला. सामान्य पुणेकर त्याआधीची वीस वर्षे हे तत्त्व, ते तत्त्व आहे हे ठाऊक नसताना, जगत होता.

नव्वदच्या दशकात या आकाशाखाली तारांचे जाळे पसरले. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास उपग्रह वाहिन्यांचे पर्व सुरू झाले आणि गल्लीतील एखाद्या धडपड्या तरुणाने गच्चीवर मोठी तबकडी बसवून शंभर-दोनशे घरांना जोडणी देण्यास प्रारंभ केला. या खांबावरून त्या झाडावर, त्या झाडावरून समोरच्या इमारतीच्या कठड्यावर अशा लोंबत्या काळ्या तारा हे शहराचे नवे भूषण ठरले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वही घेऊन दारात उभा राहणारा हा 'केबलवाला' घरातल्यासारखाच असे. ऐन सामन्याच्या दिवशी चित्र गेले, तर त्याला हक्काने फोन करता येई, रागावता येई आणि तोही 'काकू, अर्ध्या तासात येतो' म्हणून खरोखरच येई. नोकरीची वाट न पाहता मराठी तरुणांनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ही एक वाट होती, हे विसरता येत नाही.

मात्र या आपुलकीच्या व्यवहारात पावती नव्हती. किती घरांना जोडणी दिली याचा खरा आकडा फक्त त्या वहीत असे. प्रसारकांना आणि सरकारला सांगितला जाणारा आकडा निराळा असे. महाराष्ट्रात महापालिका क्षेत्रात केबल जोडणीमागे दरमहा ४५ रुपये करमणूक कर होता. लपवलेल्या प्रत्येक घरामागे तेवढा महसूल बुडत होता. प्रेक्षक पैसे देत होता, परंतु सरकारदरबारी तो अस्तित्वातच नव्हता. अशा अवस्थेत ग्राहक म्हणून तो दाद तरी कोणाकडे मागणार? शिवाय जुन्या पद्धतीची तांत्रिक मर्यादाही होतीच. अ‍ॅनालॉग तारेत एका वाहिनीला एक सबंध मार्गिका लागते. त्यामुळे वाहिन्या शंभराच्या पुढे जाईनात आणि ज्याला तारेत जागा हवी त्या वाहिनीकडून 'वहनशुल्क' उकळण्याचा धंदा बोकाळला. डिजिटल पद्धतीत एका मार्गिकेत अनेक वाहिन्या मावतात, संकेत कुलूपबंद करता येतात आणि ते कुलूप ज्या पेटीने उघडते, त्या पेटीची मोजदाद होते. म्हणजे परिवर्तन आवश्यक होते. त्याला विरोध करणे हा निव्वळ हटवादीपणा झाला असता.

दक्षिण मुंबई, दक्षिण दिल्ली आणि दक्षिण कोलकाता या भागांत जानेवारी २००७ पासून याची एक मर्यादित रंगीत तालीम झालीही होती. २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती होऊन सबंध देशासाठी चार टप्पे ठरले. चार महानगरांचा पहिला टप्पा मुदतवाढीनंतर ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी आला. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ३८ शहरांचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०१३ रोजी होता. त्यात महाराष्ट्रातील पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, नाशिक, नागपूर, सोलापूर आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, अशी नऊ शहरे होती.

३१ मार्च २०१३ हा रविवार होता. पाठोपाठ ३ एप्रिलला आयपीएलचे सामने सुरू व्हायचे होते, त्यात पुण्याच्या नावाचा संघही खेळत होता, आणि ११ एप्रिलला गुढीपाडवा होता. कायद्याचा उद्देश काय, हे समजावून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी असण्याचे कारणच नव्हते. 'बॉक्स बसवला नाही तर टीव्ही बंद', एवढे एकच वाक्य घरोघर पोहोचले आणि ते पुरेसे ठरले. हजार रुपयांच्या आसपासची ती पेटी घेण्यासाठी धांदल उडाली. ज्या कायद्याने प्रेक्षकाला प्रथमच निवडीचा अधिकार दिला, त्याचा परिचय प्रेक्षकाला धमकीच्या स्वरूपात झाला!

पेटी घरात आल्यानंतरच्या गमतीजमती आज हसू आणणाऱ्या वाटतात. त्या वेळी त्या कोणाला तरी रडकुंडीला आणत होत्या. पूर्वी एकाच तारेला फाटा काढून दिवाणखान्यात एक आणि आजी-आजोबांच्या खोलीत एक असे दोन संच चालत. नव्या व्यवस्थेत प्रत्येक संचाला स्वतंत्र पेटी आवश्यक झाली. मध्यमवर्गीय कुटुंबांनी हिशेब केला आणि पुष्कळ घरांत दुसरा संच बंद पडला. तो अर्थातच आतल्या खोलीतला होता. संध्याकाळचे कीर्तन किंवा जुने नाट्यगीत आपल्या वेळेला, आपल्या आवाजात ऐकणारे आजोबा पुन्हा दिवाणखान्यात येऊन नातवाच्या सामन्यात वाटेकरी झाले. एकत्र बसणे वाढले, असे म्हणून कोणी याचे समर्थनही करील. पण ते बसणे आपखुशीचे नव्हते.

दुसरा घोळ दोन रिमोटांचा. संचाचा एक आणि पेटीचा एक. आवाज कोणी वाढवायचा, वाहिनी कोणी बदलायची? चुकून संचाच्या रिमोटवरचे एखादे बटण दाबले गेले, की पडदा निळा किंवा काळा होई आणि त्यावर इंग्रजीत दोन शब्द उमटत. आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलेल्या शिक्षिकेला त्या दोन शब्दांचा अर्थ लागे. त्यावर उपाय काय, हे मात्र कळत नसे. तोवर पाठ झालेले वाहिन्यांचे क्रमांक एका रात्रीत बदलले होते. एक अंकी आणि दोन अंकी क्रमांकांच्या जागी तीन आकडी क्रमांक आले. त्यावर पुण्यात जो तोडगा निघाला, तो कोणत्याही शासकीय माहितीपत्रकात नव्हता. कॅलेंडरच्या मागील कोऱ्या बाजूवर नातवंडांनी मोठ्या अक्षरांत वाहिन्यांची नावे आणि क्रमांक लिहून ते कागद संचाशेजारी चिकटवले. चालू-बंद करण्याच्या बटणावर नखाला लावायच्या रंगाचा लाल ठिपका दिला. नको असलेला रिमोट कपाटात कुलूपबंद झाला.

डिजिटल चित्राचा स्वभावही निराळा. अ‍ॅनालॉग संकेत क्षीण झाला तर चित्र हळूहळू बिघडते. मुंग्या वाढतात, आवाज खरखरतो, परंतु काही ना काही पोहोचत राहते. डिजिटल चित्र एक तर आरशासारखे स्वच्छ असते, नाही तर त्याचे चौकोनी तुकडे होऊन ते गोठते आणि नाहीसे होते. पावसाळ्यात तारेच्या जोडात पाणी शिरले, की पूर्वी वृत्तनिवेदकाचा चेहरा पुसट होई, आता वृत्तनिवेदकच जाई. अर्धवट चालण्याची, निभावून नेण्याची सवय असलेल्या पिढीला हा सर्व किंवा शून्य असा खाक्या पचायला जड गेला.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, एप्रिल २०१२ मध्येच ठरवून दिले होते, की ज्याला सशुल्क वाहिन्या नकोत त्याला किमान शंभर निःशुल्क वाहिन्यांचा मूलभूत संच करांव्यतिरिक्त कमाल शंभर रुपयांत मिळाला पाहिजे. प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी मागण्याचा अधिकार ग्राहकाला होता. तक्रार केंद्रावर हिंदी-इंग्रजीबरोबर त्या प्रदेशाच्या भाषेत उत्तर मिळाले पाहिजे, असेही नियम होते. ग्राहकाने अर्ज भरून आपली निवड नोंदवायची होती. कागदावर ही व्यवस्था उत्तम होती. प्रत्यक्षात पुण्यातील किती घरांनी तो अर्ज स्वतः वाचून भरला असेल? बहुतेक ठिकाणी केबलचा मुलगा छापील कागद घेऊन आला, 'इथे सही करा काका' म्हणाला आणि काकांनी सही केली. कोणता पॅक घ्यायचा हे त्यानेच ठरवले, कारण त्यालाही वरून तसेच सांगण्यात आले होते. शंभर रुपयांच्या मूलभूत संचाची माहिती देण्यात ना त्याचा लाभ होता, ना त्याच्यावरच्या वितरकाचा. ज्याचा लाभ होता, त्या प्रेक्षकाच्या बाजूने बोलणारे कोणी त्या दारात उभे नव्हते. पेटी भाड्याने घेण्याच्या प्रमाणित योजनांचा आदेश तर 'ट्राय'ने मे २०१३ च्या अखेरीस काढला. मुदत ३१ मार्चची, आणि आदेश मे महिन्यात. वरात निघून गेल्यावर घोडा आणावा, तशातला हा प्रकार!

अन्य देशांनी हे संक्रमण कसे हाताळले, ते पाहण्यासारखे आहे. तेथील बदल मुख्यत्वे अँटेनाच्या प्रक्षेपणाचा होता आणि आपला केबलचा, हा फरक ध्यानात ठेवूनही तुलना उद्बोधक ठरते. जर्मनीत बर्लिनने ऑगस्ट २००३ मध्येच जुने प्रक्षेपण थांबवले, तेव्हा गरजू कुटुंबांना पेटीसाठी साह्य देण्यात आले. अमेरिकेने प्रत्येक कुटुंबास चाळीस डॉलरची दोन कूपने देऊ केली आणि तयारी अपुरी आहे असे दिसताच फेब्रुवारी २००९ ची मुदत १२ जूनपर्यंत पुढे ढकलली. ब्रिटनने पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि दिव्यांग नागरिकांसाठी स्वतंत्र साहाय्य योजना उभारली. तिच्यात घरी येऊन पेटी बसवून देणे आणि ती कशी वापरायची हे शिकवणेही अंतर्भूत होते. त्या समाजांत वृद्ध एकटे राहतात, हे तेथील शासनाने गृहीत धरले होते. आपल्याकडे कोणी तसे गृहीत धरले नाही. घरात मुलगा असेल, सून असेल, नातू असेल, शेजारी धावून येईल, असा काहीसा न बोललेला भरवसा धोरणकर्त्यांच्या मनात असावा.

आणि तो भरवसा बऱ्याच अंशी खरा ठरला, हेही नमूद केले पाहिजे. पुण्यात हे संक्रमण पार पडले ते शासनाच्या यंत्रणेमुळे नव्हे. शेजारच्या महाविद्यालयीन मुलाने, गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याने, सोसायटीच्या सचिवांनी ते पार पाडले. आपल्या समाजाची वीण अद्याप उसवलेली नाही याची ही खूण समाधान देणारी आहे. परंतु समाजाच्या या गुणावर शासनाने परस्पर हुंडी काढावी काय? ज्या पेठांतून आणि ज्या कोथरूड-कर्वेनगरातून एका पिढीने आपली मुले अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात पाठवली, तेथील कित्येक सदनिकांत आज दोघेच, आणि पुष्कळदा एकच, राहतात. त्यांच्यासाठी दूरचित्रवाणी संच हा करमणुकीचा विषय उरलेला नाही. दिवसभरात घरात उमटणारा तो एकमेव मानवी आवाज असतो. तो रविवारी रात्री बंद पडणे म्हणजे काय, हे मुदत ठरवणाऱ्या कार्यालयात कोणाला सुचले असेल असे दिसत नाही.

या व्यवहारात केबलवाल्याचे काय झाले? पूर्वी तो मालक होता. नव्या रचनेत संकेत बड्या वितरक कंपनीच्या नियंत्रण केंद्रातून येऊ लागले आणि तो त्या कंपनीचा वसुली प्रतिनिधी बनला. आपसात करार न झाल्यास महसूल कसा वाटावा, याचे सूत्र 'ट्राय'ने दिले. मूलभूत संचातील उत्पन्नाचे ५५ टक्के वितरकाला व ४५ टक्के स्थानिक केबलचालकाला. सशुल्क वाहिन्यांचे ६५ आणि ३५. वीस वर्षे उन्हापावसात तारा ओढून ज्याने जाळे उभे केले, त्याच्या वाट्याला धाकटा हिस्सा आला. त्याने पूर्वी आकडे लपवले हे खरे. पण शिक्षा त्या लबाडीला झाली की त्याच्या लहानपणाला? गल्लीतील एक उद्योग संपून त्याच्या जागी दूरच्या कंपनीची खिडकी आली, आणि 'काकू, अर्ध्या तासात येतो' या वाक्याची जागा 'मराठीसाठी अमुक दाबा' या ध्वनिमुद्रित सूचनेने घेतली. तक्रार नोंदवली जाऊ लागली, हा लाभ. ती ऐकणाऱ्याला घर ठाऊक नव्हते, ही हानी.

टप्प्यांची आखणीही कागदावरच्या सीमांना धरून झाली. दुसरा टप्पा महापालिकेच्या हद्दीपुरता. त्यामुळे खराडीला एप्रिल २०१३ मध्ये जो नियम लागू झाला, तो शेजारच्या वाघोलीला, ती तेव्हा ग्रामपंचायत असल्याने, चौथ्या टप्प्यात, म्हणजे मार्च २०१७ मध्ये लागू व्हायचा होता. वाघोली महापालिकेत आली ती थेट २०२१ मध्ये. रस्ता एक, बाजार एक, केवळ कायदा दोन!

पेट्यांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोट्यवधी संचांना पेट्या लागणार हे २०११ पासून ठाऊक होते. इतकी निश्चित, कायद्यानेच निर्माण केलेली बाजारपेठ कोणत्याही स्वदेशी उद्योगाला स्वप्नातही मिळणार नाही. तरीही पहिल्या दोन टप्प्यांत मोठ्या प्रमाणावर आयात पेट्याच बसल्या. आयात शुल्क पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर नेण्याची घोषणा झाली ती २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या मुदतीला जेमतेम महिना उरला असताना. देशांतर्गत कारखानदारीला संधी देण्याचा विचार आधी व्हायला हवा होता. तो मागाहून सुचला.

निवडीचा जो अधिकार २०१३ मध्ये कागदावर राहिला, तो प्रत्यक्षात आणण्याचा दुसरा प्रयत्न १ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'ट्राय'ची दररचना उचलून धरल्यानंतर प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर झाली. शंभर वाहिन्यांपर्यंतच्या जोडणीसाठी १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढे हव्या त्या वाहिनीचे पैसे. या वेळी पुणेकरांनी खरोखरच वही-पेन्सिल घेतली. मध्यमवर्गीय माणसाला किराणा मालाची यादी करता येते. वाहिन्यांची का येऊ नये? पण यादी करताच गोम लक्षात आली. एकेक वाहिनी सुटी घेतली तर महाग, आणि तीच वाहिनी नको असलेल्या दहा वाहिन्यांच्या गठ्ठ्यात घेतली तर स्वस्त. गठ्ठ्यावरील सवलत १५ टक्क्यांपुरती मर्यादित ठेवण्याचा 'ट्राय'चा नियम मद्रास उच्च न्यायालयात टिकला नव्हता, आणि त्या फटीतून सारी निवड वाहून गेली. तुरीची डाळ घ्यायला गेलेल्या गृहिणीला दुकानदाराने सांगावे, की नुसती डाळ साठ रुपये, पण सोबत नको असलेले पाच जिन्नस घेतले तर सगळे मिळून पन्नास रुपये! सुज्ञ गृहिणी काय करणार? ती पिशवी भरून घरी येते, आणि मग आकडेवारी सांगते की ग्राहकांना गठ्ठेच आवडतात. ज्यांनी निवड कळवली नाही त्यांच्यासाठी मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवून वितरकांनी 'सुयोग्य' पॅक लावून द्यावा, असे ठरले. म्हणजे पुन्हा दुसऱ्यानेच निवडायचे. पुढे २०२० मध्ये नियम सुधारले, ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, २०२२ मध्ये पुन्हा बदलले आणि २०२४ मध्ये जोडणी शुल्कावरची कमाल मर्यादाच उठवण्यात आली.

या सर्व गदारोळात एक वाट अशी होती, की जिच्याविषयी मध्यमवर्गाने क्वचितच विचारपूस केली. दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झाली. पुढे तिचे नाव 'डीडी फ्री डिश' झाले. तबकडी आणि पेटी एकदा घेतली, की मासिक शुल्क नाही. आज देशातील चार कोटींहून अधिक घरे तिच्यावर असल्याचा अंदाज आहे. ही घरे बहुतांशी ग्रामीण आणि अल्प उत्पन्नाची आहेत. शहरी सुशिक्षितांना मात्र ती आपल्यासाठी नाही असे वाटत राहिले. ज्यांना केवळ बातम्या, सह्याद्री आणि चार जुने कार्यक्रम पाहायचे आहेत, अशा निवृत्तांनीही महिन्याला दोनशे-तीनशे रुपये भरावेत आणि बाजूची निःशुल्क वाट त्यांना कोणी सांगू नये, याचा दोष एकट्या शासनाला देता येणार नाही. केबलचा अर्ज वाचला नाही, तशी हीही चौकशी झाली नाही. अर्थात सोसायटीच्या नियमावलीत गच्चीवर तबकडी लावू न देण्याचे कलम घालणारेही आपणच!

अँटेनाची जुनी वाट तोवर बंद होत आली होती. प्रसार भारतीने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने थांबवले. सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे पन्नास वगळता उर्वरित सर्व ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले होते. त्याऐवजी आकाशातूनच डिजिटल प्रक्षेपण देण्याचा प्रयोग दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये सोळा शहरांत सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद होते, पुणे नव्हते. ज्या शहराने सिंहगडाकडे तोंड करून दूरचित्रवाणी पाहिली, त्याच्या अँटेनांना नव्या युगात पाहायला दिशाच उरली नाही.

२८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा सुरू झाले, तेव्हा याची गंमतशीर प्रचीती आली. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबल कायद्यानुसार बंधनकारक आहे. त्या प्रत्येक पेटीत होत्याच. तरीही सकाळी नऊच्या आत 'डीडी नॅशनल कितव्या नंबरला?' असे फोन घरोघर फिरले. तीनशे वाहिन्यांचे पैसे भरणाऱ्या घराला जी वाहिनी विनाशुल्क मिळत होती, नेमका तिचाच क्रमांक ठाऊक नव्हता. कॅलेंडरच्या मागे लिहिलेल्या यादीतही तो बहुधा नव्हता.

एक काम अद्याप राहिले आहे. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीला चालत नाही. वितरक बदलायचा तर पैसे मोजून घेतलेली पेटी निकामी होते. दूरध्वनी कंपनी बदलली तरी हातातील फोन टाकावा लागत नाही, मग पेटीच का टाकावी? कोणतीही पेटी कोणत्याही वितरकाला चालावी, अशी शिफारस 'ट्राय'ने एप्रिल २०२० मध्ये मंत्रालयाकडे केली. दरम्यान पुष्कळ घरांनी केबल सोडून इंटरनेटवर चालणारा संच घेतला आहे. त्याच्या पडद्यावर आता वाहिनी क्रमांकाऐवजी परवलीचा शब्द मागितला जातो आणि तो नातवाच्या फोनमध्ये असतो. शिफारशीची पूर्तता होऊन तशी पेटी पुण्याच्या बाजारात मिळेपर्यंत, २०१३ च्या मार्चमध्ये हजार रुपये देऊन घेतलेली पहिली पेटी माळ्यावर, जुन्या अँटेनाच्या नळीशेजारी, तिच्या रिमोटसह पडून आहे. बटणावरचा लाल ठिपका अजून पुसलेला नाही.